आधी औषध उतरवा

घटसर्प हा पोरासोरांचा आजार, असं मी सव्वीस वर्षांची होईपर्यंत समजत होते. मोठ्या माणसालाही तो होतो, हे मला स्वतःवरून कळलं. दवाखान्यातून सुटताना डॉक्टर म्हणाले होते, जमेल तेव्हा लिहून काढा, कुणाच्या तरी कामी येईल. ते आता जमलं आहे. मला जे आठवतं ते माझं म्हणून लिहिते. जे नंतर दुसऱ्यांनी सांगितलं, ते त्यांचं म्हणून.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा हिवाळा होता. मी परभणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. घरी आई आणि मोठा भाऊ मिलिंद. त्याला मी दादा म्हणते. तो तहसिलीत कारकून. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई राणीसावरगावची, दुसऱ्यांच्या रानात खुरपून तिनं आम्हा दोघांना शिकवलं. आमच्या बौद्धवाड्यातली टेलिफोनवर बसणारी मी पहिली मुलगी. आईला त्याचं फार होतं. कुणी विचारलं की सांगायची, "माझी सुशीला मुंबईला बोलती."

माझी सगळी नोकरी आवाजाची. म्हणून घसा दुखायला लागला तेव्हा मी तो घसा बसल्याचाच त्रास धरला. दोन दिवस मिठाच्या गुळण्या केल्या, हळद घालून दूध घेतलं आणि ड्यूटी केली. ताप फार नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकानं लाइनवर तक्रार केली की बाई, तुम्ही काय बोलताय ते कळत नाही. माझ्या शेजारच्या बोर्डावर करीमभाई बसायचे. ते आमच्यात सगळ्यात जुने, निजामाच्या काळापासूनचे. त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं आणि म्हणाले, "सुशीलाबाई, तुमची मान सुजलीय. उठा. दवाखान्यात जावा. बोर्ड मी बघतो."

डॉ. सबनीसांनी जीभ चमच्यानं दाबली आणि बॅटरी मारली. मग त्यांनी निरोप मिळून आलेल्या दादाला आत बोलावलं. घशात राखाडी साय धरली होती. ती साय वाढली की श्वासाची वाट बंद होते आणि तिचं विष रक्तातून हृदयापर्यंत जातं, एवढंच त्यांनी सांगितलं. मला म्हणाले, या घडीपासून बोलायचं नाही आणि उठून बसायचंसुद्धा नाही. मी मान हलवली. मला भीती वाटली का, असं आता लोक विचारतात. त्या क्षणी मला वाटलं की उद्याच्या पाळीला माझ्या जागी कोण बसेल. भीती नंतर आली.

* * *

साथीच्या आजारांची खोली वेगळी होती, मागच्या अंगाला, कडुलिंबाखाली. आत चार खाटा. त्यातल्या दोनच भरलेल्या. एका खाटेवर मी आणि दुसऱ्या खाटेवर निर्मला नावाची चार वर्षांची मुलगी. ती माझ्या आधी तासभर आली होती, सोनपेठहून. तिचे वडील शिवलिंगअप्पा यांचं तिथं किराणा दुकान. तिची आई पार्वतीबाई खाटेच्या कडेला उभी होती, बसतच नव्हती. मुलगी श्वास घेताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. दर श्वासाला तिच्या गळ्याखाली खड्डा पडत होता.

या आजाराच्या विषावर एक सिरम असतं. ते जितकं लवकर जाईल तितकं बरं. त्या महिन्यात आधीच रुग्ण येऊन गेले होते आणि दवाखान्यात एकच बाटली उरली होती. आम्ही दोघी.

बाटली निर्मलाला दिली.

पुढं परभणीत असं बोललं गेलं की टेलिफोनवाल्या बाईनं आपलं औषध लेकराला दिलं. लोकांनी माझं कौतुकही केलं. ते खरं नाही. मला कुणी विचारलं नाही. डॉक्टरांनी ठरवलं आणि दिलं. मी खाटेवर पडल्या पडल्या सगळं बघत होते, आणि नर्सबाईंनी सुई भरली तेव्हा ती माझ्याकडं येईल अशी वाट बघत होते. ती दुसरीकडं गेली.

दादानं डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"पोरगी दुकानदाराची हाय म्हणून तिला आधी," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं ते जास्त लागत होतं. "मागं ऱ्हायची आमाला सवय हाय, साहेब. पण हितं जीवाचा प्रश्न हाय."

डॉक्टर म्हणाले, "त्या बाटलीत ती पोरगी वाचू शकते. तुमची बहीण त्या बाटलीत वाचत नाही, तिला बरंच जास्त लागतं. निम्मं निम्मं दिलं तर दोघी जातील. पोरीला आज संध्याकाळ दिसली नसती. तुमची बहीण उद्या दुपारपर्यंत काढेल असं मला वाटतं."

"वाटतं?"

"हो. वाटतं. खात्री देत नाही."

डॉक्टरांचं म्हणणं दादाला पटलं असं मी म्हणणार नाही. आजही त्याच्यासमोर विषय निघाला तर तो उठून बाहेर जातो.

* * *

सिरम मुंबईत होतं, लस बनवणाऱ्या संस्थेत. डॉक्टरांनी लाइटनिंग कॉल लावायला सांगितला. ट्रंक कॉलचे, म्हणजे परगावच्या फोनचे, तीन दर्जे असतात: साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंग आला की बाकीचे सगळे कॉल मागं ठेवायचे. मुंबईची लाइन करीमभाईंच्या बोर्डावर होती. दवाखान्याचा नंबर बघून त्यांनी ओळखलं की हा कॉल कुणासाठी आहे. त्यांची पाळी दोनला संपत होती. ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

हे मला त्यांनीच पुढं सांगितलं. संस्थेनं डबा बर्फात घालून तयार ठेवायचं कबूल केलं. प्रश्न पुढचा होता. रेल्वेनं आणायचा तर मनमाडला गाडी बदलून पुढं छोट्या लाइनीनं, म्हणजे दीड दिवस. म्हणून विमान. औरंगाबादचं विमान सकाळी सुटायचं, पण त्याचं मालाचं बुकिंग संपलेलं होतं. डॉक्टर मुंबईच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याशी बोलले. त्यानं तीनच गोष्टी विचारल्या: डब्यात काय आहे, रुग्ण किती वेळ थांबू शकतो आणि औषध किती वेळ गार राहील. मग म्हणाला, बुकिंगचं सोडा, विमान हलायच्या आधी डबा माझ्या हातात द्या. तो मालात जाणार नाही, आत माणसांबरोबर येईल. औरंगाबादला उतारू उतरायच्या आधी तो खाली उतरेल.

बोलणं संपल्यावर करीमभाईंनी औरंगाबाद लावून दिलं. तिथल्या आरोग्य खात्यानं जीप देऊ केली, पण देवगाव फाट्यापर्यंतच. तिथून पुढं परभणीकडून कुणीतरी यायला हवं होतं. दवाखान्याची गाडी एका बाळंतिणीला आणायला गावाकडं गेली होती, ती कधी परतेल याचा नेम नव्हता.

जीप शिवलिंगअप्पांकडं होती. ते स्वतःच दादाकडं आले आणि म्हणाले, मी जातो. दादा म्हणाला की तुमची लेक आजारी हाय, तुमी कशाला. अप्पा म्हणाले, "म्हणून तर जायलोय."

सकाळी दोघं निघाले. आई माझ्याजवळ थांबली. तिला वाचायला येत नाही आणि मला बोलायला मनाई, त्यामुळं आमचं बोलणं हातानंच चाललं. ती माझ्या पायाशी बसून हळू आवाजात वंदना म्हणत होती. रात्रभरात माझी मान आणखी सुजली होती. थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. भीती आली ती आता. मरणाची अशी नव्हे. ही साय वाढत वाढत कुठल्या क्षणी दार लावून घेईल, तो क्षण मला कळेल का, याची. मी श्वास मोजायला लागले. हे कुणी करू नये. मोजायला लागलं की प्रत्येक श्वास मुद्दाम घ्यावा लागतो.

* * *

डब्याचा प्रवास मी तुकड्यातुकड्यांनी ऐकला.

मुंबईत संस्थेची गाडी रस्त्यात अडकली आणि विमानतळावर पोचली तेव्हा विमानाचं दार लागलेलं होतं. ते पुन्हा उघडलं. हवाई सुंदरीनं डबा आत घेतला. धावपट्टीकडं जाताना पुढं दोन विमानं उभी होती. आमच्या विमानाच्या कॅप्टननं वर मनोऱ्यात कळवलं की माझ्याकडं रुग्णाचं औषध आहे. त्या दोघांना थांबवून याला आधी सोडलं.

औरंगाबादची गोष्ट मात्र परभणीत फारच फुगली. मंत्र्याचं विमान आमच्या डब्यासाठी आभाळात ताटकळत ठेवलं, असं हॉटेलात बसून लोक सांगायचे. मी कामावर परतल्यावर एकदा औरंगाबाद विमानतळाचा कॉल माझ्या बोर्डावर आला. तो संपल्यावर मी तिथल्या मनोऱ्यातल्या अधिकाऱ्याला ओळख सांगितली आणि खरं काय ते विचारलं. ते मोकळेपणानं हसले. आभाळात कुणी नव्हतं, म्हणाले. एक छोटं सरकारी विमान निघायच्या तयारीत होतं, त्याला दहा मिनिटं बाजूला उभं केलं, इतकंच. आत मंत्री होते की फायली, हे त्यांना माहीत नव्हतं.

"बाई, यात कुणाचं मोठेपण नाही," ते म्हणाले. "संकटातलं विमान पहिलं. त्याच्यामागं आजारी माणूस किंवा औषध असलेलं. मग बाकीची दुनिया. आमच्याकडं नाव येत नाही. रुग्णासाठी, एवढंच येतं. मी खाली सांगितलं, आधी औषध उतरवा."

मी आभार मानून प्लग काढला. नाव येत नाही, हे त्यांनी सहज म्हटलं. मी ते दादाला सांगितलं. तो म्हणाला, "असं पायजे."

फाट्यावर आमची माणसं डब्याच्या आधी तासभर पोचली होती. चहाच्या टपरीसमोर दोघं उभे. येताना पंचाहत्तर किलोमीटर ते एकमेकांशी बोलले नव्हते. डबा आला तो पांढऱ्या थर्माकोलचा, सुतळीनं बांधलेला. दादानं तो मांडीवर घेतला. परतताना जिंतूरच्या पुढं रस्ता उखडलेला होता. डबा आदळू नये म्हणून दादानं तो दोन्ही हातांनी उचलून धरला, आणि अप्पा त्या टापूत बैलगाडीच्या चालीनं जीप चालवत होते. तिथं दादानं पहिल्यांदा विचारलं, पोरगी किती वर्षांची. अप्पांनी सांगितलं. तेवढंच बोलणं.

बाराच्या सुमाराला ते पोचले.

आणि मग डॉक्टर अर्धा तास बसून राहिले. हे सिरम काही जणांना सोसत नाही, म्हणून आधी एक थेंब कातडीखाली टोचून बघतात. विमानाचं दार उघडलं, धावपट्टीवर रांग मोडली, दोन जिपा धावल्या, आणि माझ्या खाटेशेजारी स्टुलावर बसून डॉक्टर घड्याळ बघत होते. दादा दारात येरझारा घालत होता. डॉक्टर त्याला म्हणाले, घाई इथपर्यंतच. इथून पुढं घाई केली तर औषधच मारेल.

हात सुजला नाही. मग त्यांनी पूर्ण मात्रा दिली.

* * *

दोन दिवसांत साय सुटायला लागली. चौथ्या दिवशी मी पेज गिळली. निर्मला माझ्या कितीतरी पुढं होती. तिची शिट्टी थांबली, तिला भूक लागायला लागली, ती आईकडं गोष्ट मागायला लागली. मला बोलायची मनाई होती म्हणून ती माझ्यासाठी बोलायची. नर्सबाई आल्या की सांगायची, "त्या बाईला पाणी पायजे." बहुतेक वेळा मला खरंच पाणी हवं असायचं.

दवाखान्याचा दिवस सोपा असतो. पहाटे झाडू, मग तापाची नळी, मग सुई, मग डॉक्टर, मग काहीच नाही. आम्हा दोघींना उशीसुद्धा नव्हती. सपाट पडून राहायचं, कूस बदलायची तीही दुसऱ्यानं. डॉक्टर रोज तेच बजावून जायचे: घसा बरा झाला म्हणजे आजार गेला असं समजू नका, हृदय थकलेलं आहे. मी मोठी होते, मला कळत होतं. चार वर्षांच्या लेकराला बरं वाटत असताना किती दिवस सपाट झोपवणार. पार्वतीबाई दिवसभर तिच्या छातीवर हलका हात ठेवून बसायच्या, पुन्हा पुन्हा तीच गोष्ट सांगत.

बाराव्या दिवशी सकाळी पार्वतीबाई दूध कोमट करून आणायला दारापर्यंत गेल्या. निर्मला उठून बसली. तिनं माझ्याकडं बघितलं, हसली, आणि आडवी झाली. मला वाटलं, आई ओरडेल म्हणून परत झोपली.

पार्वतीबाईंची हाक ऐकून डॉक्टर धावत आले. बराच वेळ त्यांनी प्रयत्न केले. मग बाजूला झाले.

मला हाक मारता आली असती. मनाई होती, पण आवाज होता. मी हाक मारली नाही, कारण काय झालंय ते मला कळलंच नाही. डॉक्टरांना मी हे कागदावर लिहून विचारलं. ते म्हणाले, तुम्ही ओरडला असता तरी काही उपयोग नव्हता, ते हृदय उठण्याआधीच संपत आलं होतं. त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरं सांगितलं, हे मी ठरवू शकलेले नाही.

दुपारी शिवलिंगअप्पा लेकीला घेऊन गेले. जाताना पार्वतीबाई माझ्या खाटेपाशी थांबल्या. त्यांनी माझ्या अंगावरची चादर नीट केली आणि गेल्या.

* * *

त्यानंतर मी हलायला तयार होईना. डॉक्टरांनी कूस बदलायची मोकळीक दिली तरी मी सपाट पडून राहिले. झोप लागली की आपण झोपेत उठून बसू, अशी धास्ती. आईनं माझा डावा हात आपल्या मनगटाला लुगड्याच्या चिंधीनं बांधून घेतला. म्हणाली, "तू उठलीस तर मला कळंल. झोप आता." तशी झोप लागायची.

तिसऱ्या आठवड्यात पाणी प्यायला गेले आणि ते नाकातून बाहेर आलं. टाळू लुळी पडली होती. आवाज नाकात गेला. स्वतःचं नावसुद्धा नीट म्हणता येईना. जवळचं वाचायला गेलं की अक्षरं फाटायची. डॉक्टर म्हणाले, हे विषाचं उरलेलं येणं आहे, बहुतेकांचं ओसरतं. ऑपरेटरचा आवाज बहुतेकांत येतो की नाही, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

पातळ काही चालेना. आईनं ज्वारीच्या कण्या घट्ट शिजवल्या, वर थोडं ताक, आणि चमच्यानं घास घास भरवला. त्या नाकात जात नव्हत्या. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. नंतर नर्सबाईंनी दुसऱ्या रुग्णालाही तेच सुचवलं. गल्लीतलं कुणी भेटायला येत नव्हतं, लागण होईल म्हणून. त्याचा मला राग नाही. करीमभाई यायचे. ते खिडकीबाहेर कडुलिंबाखाली उभे राहून एक्स्चेंजमधल्या गोष्टी सांगायचे. मी उत्तर देऊ शकत नसे, आणि ते उत्तरासाठी थांबतही नसत. त्यांचं ते बोलणं ही त्या दिवसांतली चांगली गोष्ट होती.

दादा रोज संध्याकाळी यायचा, पण निर्मलाच्या रिकाम्या खाटेकडं पाठ करून बसायचा. एकदा म्हणाला, "मी त्या दिवशी डॉक्टरला जे बोललो, ते त्या बाईनं ऐकलं असंल का गं?" व्हरांड्याचं दार उघडं होतं. मी मान हलवून हो म्हटलं.

आवाज यायला तीन महिने लागले. आधी मला एक्स्चेंजमध्ये कॉलच्या चिठ्ठ्या लिहायच्या कामाला लावलं. मग एके दुपारी करीमभाईंनी त्यांचे हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवले आणि उठून गेले. मी "परभणी" म्हटलं. पलीकडून जालन्याच्या ऑपरेटरनं सरळ नंबर मागितला, पुन्हा म्हणा असं सांगितलं नाही. त्यावरून मला कळलं.

* * *

उन्हाळ्यात मी सोनपेठला गेले. दादाला विचारलं, येतोस का. तो नाही म्हणाला, मग एसटी स्टँडपर्यंत सोडायला आला आणि बस हलेपर्यंत उभा राहिला.

अप्पांचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर, घर मागं. पार्वतीबाईंनी मला आत घेतलं, पाणी दिलं. त्यांच्या मांडीवर सात-आठ महिन्यांची मुलगी होती. दवाखान्यात त्या तिला आजीकडं ठेवून आल्या होत्या, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तान्ही मुलगी घरी, आणि ही बाई बारा दिवस दुसरीच्या छातीवर हात ठेवून बसली होती.

बराच वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग त्यांनी विचारलं, "तुमचं औषध माज्या लेकीला दिलं. तुमाला राग न्हाई आला?"

मी म्हटलं, "मला कुणी विचारलंच नव्हतं."

"मी इचारलं असतं तर?"

एसटीत सगळ्या वाटेनं मी याच प्रश्नाचं उत्तर तयार करत आले होते. चांगलं उत्तर तयारही होतं. ते मला देता आलं नाही.

"माहीत नाही," मी म्हटलं. "सुई तुमच्याकडं वळली तेव्हा मला वाईट वाटलं होतं."

पार्वतीबाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं. "खरं बोलला," त्या म्हणाल्या. "तुमी हो म्हनला असता तर मला झोप आली नसती."

मग त्या उठल्या. म्हणाल्या, आज हिला सुई टोचून आणायची आहे, त्रिगुणी लस, घटसर्पावरचीही तीच. दोनदा दवाखान्याच्या दारापर्यंत गेले आणि परत आले, सुई बघवत नाही. तुम्ही धराल का?

आम्ही दोघी उन्हातून गेलो. बाकावर बसून मी मुलीला मांडीवर घेतलं, तिची मांडी धरली. पार्वतीबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. सुई गेली आणि मुलीनं सगळा दवाखाना दणाणून सोडला. कंपाउंडर म्हणाला, गप करा तिला, बाई.

"ऱ्हाऊ द्या," भिंतीकडं बघतच पार्वतीबाई म्हणाल्या. "चांगली खणखणीत रडायलीय. रडू द्या."